बावीस दिवसांनी ज्युनिअर

लिंबाजीबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं की माझ्या पोटात अजून दुखतं. मला रिटायर होऊनही आता बरीच वर्षं झाली, तो तर माझ्याही आधी गेला आपल्या गावी. तरी वडीगोद्रीच्या हॉटेलात कुणी जुना कामगार भेटतो आणि म्हणतो, "लिंबाजीभाऊसारखा पॅनमन पुन्हा झाला न्हाई." मी अर्धा चहा तसाच ठेवून उठतो. अरे, त्याच पॅनवर त्याचा हेड म्हणून सहा वर्षं मी होतो, माझं नाव घ्यायला तुमची जीभ झडते का? आमची बायको मंदा हसते. म्हणते, "जळा, जळा अजून." मी जळतो. खोटं कशाला बोलू?

पॅनमन म्हणजे साखर शिजवणारा. कारखान्यात तिसऱ्या मजल्यावर मोठमोठी बंद भांडी असतात, त्यांना पॅन म्हणतात. आत उसाचा घट्ट केलेला रस उकळतो आणि त्यात साखरेचा दाणा धरायला लागतो. दाणा नेमका केव्हा धरला, किती वाढू द्यायचा, माल खाली कधी सोडायचा, हे पॅनमननं ठरवायचं. घड्याळं, काटे, सगळं लावलेलं असतं, पण शेवटी सळईनं नमुना काढून काचेच्या तुकड्यावर घ्यायचा, बल्बासमोर धरून बघायचा आणि अंगठा न् बोटाच्या मध्ये चोळायचा. बोटं लांब केली की तार निघते. ती तार कुठं तुटते त्यावर सगळं. दहा मिनिटं चुकलात तर पॅनभर माल वाया, आणि मंग चीफ केमिस्टच्या शिव्या.

लिंबाजीची ही दोन बोटं, उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं, म्हणजे एक प्रकरण होतं. त्या बोटांनी तो गरम काही धरायचा नाही. चहाचा कप डाव्या हातात. ऊस सोलायचा नाही, दोरी ओढायची नाही. झोपायच्या आधी खोबरेल तेल. कुणी हात मिळवायला पुढं केला तर हा लांबूनच नमस्कार करायचा. गरम भाकरीसुद्धा तो स्वतः मोडायचा नाही. घरी असला की बायको कुस्करून ताटात द्यायची. पॅनवरची पोरं म्हणायची, "नवरीचे हात हायेत भाऊचे, मेंदी तेवढी राह्यली." तो चिडायचा नाही. म्हणायचा, "घाई न्हाई. माल बोलतो, आपण ऐकायचं." हे त्याचं ठरलेलं वाक्य. पोराचं लग्न असो की एसटीची वाट बघणं असो, तेच. आणि साखरेच्या कारखान्यात जन्म घालवून हा माणूस चहा बिनसाखरेचा प्यायचा! शुगर नव्हती त्याला. म्हणायचा, "दिवसभर बोटाला तेच, जिभेला तरी सुट्टी पाह्यजे."

मी त्याला पहिल्यांदा बघितलं ते चौऱ्याऐंशीच्या आसपासच्या थंडीत. मी अंबड तालुक्यातल्या आमच्या कारखान्यात पॅनवर रोजंदारीला होतो, तीस वर्षांचा. जिल्ह्याच्या वरच्या अंगाला एक नवा कारखाना उभा राहत होता. दोन्हींची नावं घेत नाही, दोन्हीकडं अजून आपली माणसं आहेत. नव्या कारखान्याचा पहिला हंगाम म्हणजे चाचणी हंगाम, महिना-दीड महिन्याचा. यंत्रं बसवणारी कंपनीच तो चालवते, कामगारही तिच्याच कागदावर असतात. अशा वेळी शेजारचे कारखाने आपली शिकलेली माणसं मदतीला देतात. आमच्याकडून करीमभाई गेले, आमचे हेड पॅनमन, आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. आणि त्यांच्याबरोबर मी, त्यांचा लाडका शागीर्द. म्हणजे तोपर्यंत तरी मीच होतो लाडका.

तिथं हा लिंबाजी होता. जाफराबादजवळच्या खेड्यातला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, काळा, उंच, कमी बोलणारा. त्यानं आधी कुठं थोडंफार गुऱ्हाळावर काम केलेलं. पहिला पॅन चढला आणि उस्तादांनी नमुना काढून आधी माझ्या हातात दिला. मी काच बल्बासमोर धरली, दाणा बघितला आणि म्हणालो, "झाला. सोडा." उस्तादांनी लिंबाजीकडं काच केली. त्यानं काचेकडं बघितलंच नाही. बोटांत घेतलं, डोळे मिटले, तार ओढली, परत चोळलं. म्हणाला, "अजून दोन घोट रस मागतोय." दोन घोट! जसं काही ढोराला पाणी पाजायचंय. मी हसलो. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी रस दिला, वीस मिनिटं थांबले आणि मंग माल सोडला. असा एकसारखा, टपोरा दाणा मी त्याआधी बघितला नव्हता. उस्ताद सगळ्यांसमोर मला म्हणाले, "दत्तू बेटा, तू काच देखता है. ये माल देखता है."

बस्स. त्या दिवशी जे पोटात गेलं ते अजून निघालेलं नाही.

त्याला बिचाऱ्याला काय माहीत! तो माझ्याशी सख्ख्या भावासारखा वागून राह्यला होता. पहिल्या पोत्यांच्या पूजेच्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. मी घरून, वडीगोद्रीहून, नुसत्या सदऱ्यावर गेल्तो आणि दात वाजवत उभा होतो. त्यानं स्वतःच्या गळ्यातला चौकड्यांचा मफलर काढला आणि माझ्या डोक्याला गुंडाळला. म्हणाला, "कान झाका दत्तूभाऊ. बाकीचं अंग कामानं गरम होतंय, कान होत न्हाईत." मी त्याच्याहून लहान, तरी तो मला 'तुम्ही'च म्हणायचा. मंग पोत्यांना हार घातले, नारळ फुटला आणि फोटो निघाला. पोत्यांमागं उस्ताद, त्यांच्या खांद्याला खांदा लावून लिंबाजी, आणि अगदी कडेला, मफलरात तोंड खुपसलेला मी. फोटोग्राफरनं उस्तादांना दोन प्रती दिल्या. एक त्यांनी मला दिली, दुसरी त्यांच्याबरोबरच गेली. मफलर माझ्या डोक्यावरच राहिला आणि तसाच माझ्याबरोबर अंबडला आला.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या कारखान्याचा बॉयलर पेटला आणि माझं नाव मस्टरवर चढलं. तिकडचा कारखाना त्याच्या पहिल्या खऱ्या हंगामाला बावीस दिवस उशिरा लागला. लिंबाजीचं नाव त्यांच्या मस्टरवर त्या दिवशी चढलं. हे बावीस दिवस लक्षात ठेवा. माझी सगळी हेडकी ह्या बावीस दिवसांवर उभी होती.

पुढची पंधरा-सोळा वर्षं तो तिकडं, मी इकडं. त्याच्या साखरेची तारीफ कानावर यायची, मी विषय बदलायचो. मंग दोन हजार साल उलटल्यावर तिकडं उसाची आबाळ झाली, दोन हंगाम धुराडं पेटलंच नाही आणि शेवटी आमच्या कारखान्यानं तो कारखाना घेतला. यंत्रं घेतली, जमीन घेतली आणि माणसंही घेतली. आता आमची आणि त्यांची मिळून एकच सेवाज्येष्ठता यादी होणार होती. इथूनच बोंबाबोंब सुरू झाली.

आमची माणसं म्हणत होती, "आपण त्यांना घेतलं, त्यांनी आपल्याला न्हाई. त्यांचं नाव सगळ्यांच्या खाली, बिलकुल खाली." तिकडची म्हणत होती, "वीस-वीस वर्षं आम्ही काय गोट्या खेळून राह्यलो का?" टाइम ऑफिससमोर रोज हमरीतुमरी. फिटर फिटरशी बोलेना, बॉयलरवाला बॉयलरवाल्याच्या डब्यात हात घालेना. आणि त्यातच आमचे हेड पॅनमन, करीमभाईंच्या नंतरचे, त्याच वर्षी रिटायर होणार होते. आम्ही बाकीचे पॅनमन हंगामी. हंगाम संपला की निम्म्या पगारावर घरी. हेड तेवढा बारमाही, आणि त्याला कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर. पंधरा वर्षं मी त्या क्वार्टरच्या दारावरची पाटी बघत जात होतो. यादीत पॅनमनांमध्ये पहिला कोण, तोच हेड होणार होता.

शेवटी संचालक मंडळानं तिघांची कमिटी नेमली. कमिटीनं ठरवलं, कुणी कुणाच्या खाली नाही. ज्याची नोकरी जुनी तो वर, मग तो कुठल्याही कारखान्याचा असो. इतपत ठीक होतं, बावीस दिवसांनी का होईना, मी वर होतो. पण त्याखाली एक ओळ होती. चाचणी हंगामात प्रत्यक्ष काम केल्याचा पुरावा असेल, तर तो हंगामही धरावा.

तो हंगाम धरला की लिंबाजी माझ्याहून आठ-नऊ महिन्यांनी सीनिअर. माझी रोजंदारी तर मस्टरवर नव्हतीच, ती धरायचा प्रश्न नव्हता.

पण लिंबाजीकडं पुरावा कुठला? चाचणीचे कागद यंत्रं बसवणाऱ्या कंपनीबरोबर गेले, कंपनी कुठं गेली देव जाणे. उस्ताद वारले होते. त्याच्याबरोबरचा पॅनवरचा माणूस वारला होता. राहिला एकच साक्षीदार. मी. आणि एकच कागद, तो फोटो, माझ्या घरी लोखंडी पेटीत, मंदाच्या शालूखाली.

लिंबाजी माझ्याकडं आला तो कमिटीच्या आदल्या दिवशी, दुपारी. गळ्यात टॉवेल, हातात रुमालात बांधलेली स्वतःची काच. ती काच तो सगळीकडं घेऊन फिरायचा. बसला, मंदाच्या हातचा बिनसाखरेचा चहा प्याला, पोरांची चौकशी केली. उठताना म्हणाला, "दत्तूभाऊ, साहेब उद्या ट्रायलचं विचारणार हायेत. तुम्ही होते तिथं. जे हाय ते सांगा. क्वार्टर भेटलं तर घरच्यांना इकडं आणीन म्हणतो. लई वर्षं झाली, हंगामात त्या तिकडं न् मी इकडं." एवढंच. गळ घातली नाही, हात जोडले नाहीत. जोडले असते तर कदाचित मी पाघळलो असतो.

दुसऱ्या दिवशी लेबर ऑफिसरनं विचारलं, "तुम्ही करीमभाईंबरोबर गेला होता ना चाचणीला?"

"गेल्तो साहेब."

"लिंबाजी तिथं पॅनवर होते?"

लिंबाजी दाराशी स्टुलावर बसला होता, मांडीवर ती दोन बोटं एकमेकांवर चोळत. मी त्याच्याकडं बघितलं नाही. म्हणालो, "पंधरा-वीस वर्षं झाली साहेब. लई माणसं होती. हे होते का न्हाई, आठवत न्हाई."

साहेबांनी लिंबाजीला विचारलं, "तुमचं काही म्हणणं?"

लिंबाजी स्टुलावरून उठला. मंग म्हणाला, "त्यांना आठवत नसल तर काय म्हणणार साहेब." आणि नमस्कार करून निघून गेला.

आठ दिवसांनी यादी टाइम ऑफिसच्या बोर्डावर लागली. एक नंबरला मी. दोन नंबरला लिंबाजी, बावीस दिवसांनी ज्युनिअर. मी पेढे वाटले. त्यानंही घेतला, जिभेला सुट्टी असूनही खाल्ला आणि म्हणाला, "अभिनंदन हेडसाहेब."

तुम्हाला वाटेल, इथं माझी जळजळ थांबली असेल. कशाची थांबते! खुर्ची माझी, पाटी माझी, क्वार्टर माझं, आणि पोरं विचारायला जायची त्याला. केमिस्टसाहेब वर यायचे ते माझ्याशी दोन शब्द बोलून सरळ त्याच्या पॅनकडं. एकदा तर पाहुणे संचालक आले, मी पुढं होऊन माहिती सांगून राह्यलो, आणि ते लिंबाजीकडं बोट करून विचारतात, "हेड हेच ना?" लिंबाजी घाईघाईनं म्हणाला, "न्हाई न्हाई, हेड दत्तूभाऊ. मी हाताखाली." त्यानं दुरुस्त केलं म्हणून तर मला जास्तच लागलं.

आणि एकदा, माझ्या हेडकीच्या दुसऱ्या हंगामात, भर दिवसा माझा पॅन बिघडायला आला. मी घाई केली, माल जास्त घट्ट केला आणि आत चांगल्या दाण्याबरोबर नवाच बारीक रवा उठायला लागला. असला माल म्हणजे नासाडी. मला काही सुचेना. लिंबाजी शेजारच्या पॅनवरून आला, काही न बोलता सळई ओढली, बोटांत घेतलं आणि पाण्याचा व्हॉल्व्ह जरासा उघडला. बारीक रवा हळूहळू विरघळला, मोठा दाणा राहिला. तेवढ्यात केमिस्टसाहेब आले. "पाणी कुणी दिलं?" लिंबाजी म्हणाला, "दत्तूभाऊंनी सांगितलं. टाइमावर बघितलं त्यांनी, न्हाईतर गेला असता माल." साहेबांनी माझी पाठ थोपटली. मला त्या क्षणी लिंबाजीचा जेवढा राग आला तेवढा कधी कुणाचा आला नसेल. शिव्या खाऊन बरा राहिलो असतो.

तो राहायचा कामगारांच्या चाळीत, चौघांत एका खोलीत. जेवायचा मेसमध्ये. मी कधीमधी तिकडून जायचो तेव्हा दिसायचा. समोर ताट, ताटात वाफाळलेली भाकरी, आणि हा हात मांडीवर ठेवून बसलेला. बाकीचे जेवून उठायचे तरी ह्याचं सुरू नाही. भाकरी निवायची वाट बघायचा, मंग थंडगार झाल्यावर मोडून खायचा. घरी असती तर बायकोनं कुस्करून दिली असती. ते दृश्य बघितलं की मी रस्ता बदलायचो. आमच्या क्वार्टरमध्ये मंदा मला गरम भाकरी वाढायची आणि कधीकधी ती माझ्या घशाखाली उतरायची नाही. मंदाला वाटायचं मीठ जास्त झालं.

अशी सहा वर्षं गेली. तो साठीला आला. जानेवारीत, ऐन हंगामात, त्याचा शेवटचा दिवस ठरला. त्याच आठवड्यात मंदानं पेटी आवरायला काढली आणि फोटो तिच्या हातात पडला. ती बल्बाखाली धरून म्हणाली, "हे लिंबाजीभाऊ ना? आणि हे कडेला तुम्ही!" ती फोटोकडं बघत राहिली, मंग माझ्याकडं. कमिटीच्या आदल्या दिवशी तिनंच त्याला चहा दिला होता, बोलणं तिनं ऐकलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही म्हणाले होते, आठवत न्हाई."

"हो, म्हणालो."

"लाज वाटत न्हाई?" तिनं फोटो माझ्या खिशात कोंबला. "परवा जायच्या आधी त्यांना द्या. न्हाईतर मी देते, सगळ्यांसमोर."

निरोपसमारंभ झाला, शाल, श्रीफळ, भाषणं. मीही भाषण केलं. हेड होतो ना! काय बोललो ते आठवत नाही, आणि हे मात्र खरं आठवत नाही. त्याला एसटीत बसवायला मी एकटाच गेलो. पत्र्याची पेटी, वळकटी, रुमालात काच. फाट्यावर गार वारा सुटला होता. शाल त्यानं घडी करून पेटीत ठेवली होती, बायकोला द्यायला, आणि स्वतः कानाला टॉवेल बांधून उभा होता. जालन्याची गाडी लांबून दिसायला लागली तेव्हा मी खिशातून फोटो काढून त्याच्यापुढं धरला.

त्यानं डाव्या हातानं फोटो घेतला, उन्हाकडं धरला. "अरे बापरे," म्हणाला, "उस्ताद! कसे उभे हायेत बघा. आणि मी किती बारीक होतो!" मंग त्याचं ते जपलेलं बोट फोटोच्या कडेला गेलं. "हे तुम्ही. आणि हा मफलर माझा."

मी मान खाली घातली.

"तुम्ही घालून गेल्ते," तो हसत म्हणाला. "आमच्या ताईनं जांबच्या यात्रेत घेऊन दिल्ता. ती लई वर्षं विचारायची, कुठं टाकलास रे मफलर? मी म्हणायचो, टाकला न्हाई, अंबडच्या दत्तूभाऊकडं हाय. माणूस इमानी हाय, आणून देईल."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. निदान मला तरी दिसला नाही, आणि माणसं ओळखायला त्याच्यासारखी बोटं मला नव्हती. मफलर कधीचाच विरला होता, मोटारसायकल पुसून पुसून.

"लिंबाजीभाऊ," मी म्हणालो, "मला आठवत होतं."

"हां," तो म्हणाला. जसं काही मी त्याला गाडीचा टाइम सांगितला. "हा फोटो घेऊ का मी? घरच्यांनी मला असा बघितलाच न्हाई कधी."

"तुमचाच हाय," मी म्हणालो.

गाडी आली. मी पेटी वर चढवली, त्याला खिडकीची जागा मिळाली. फोटो त्यानं सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवला. सहा वर्षं खुर्ची माझी होती, पाटी माझी होती, आणि त्या गाडीत खिडकीशी बसलेल्या माणसाचा मला एवढा हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. कंडक्टरनं घंटी मारली. लिंबाजीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, माझ्याकडं निरखून बघितलं आणि ओरडला, "दत्तूभाऊ, थंडी हाय. कान झाका!"

मी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तसाच उभा राहिलो.